चार बारच्या तेलात एक बारची झडप

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक जुनी झाली असली तरी रोज पळते. तिचं ऑइल आणि फिल्टर मी ओळखीच्या मेकॅनिककडून वेळच्या वेळी बदलून घेतो. या वेळी कंपनीचा फिल्टर मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या ब्रँडचे दोन समोर ठेवले. दोघांचे आटे तेच, रबरी सीलचा घेरही तोच. पण एकाच्या खोक्यावर ‘बायपास व्हॉल्व्ह १ बार’ असं छापलेलं, दुसऱ्यावर १.७ बार. दुकानदार म्हणाला, ‘जास्तीचा घ्या, मजबूत असतो.’ मेकॅनिक म्हणाला, ‘आकडा कशाला बघता? बसतोय ना, मग झालं.’ मला मात्र वेगळीच शंका येते. गाडी पळताना इंजिनातल्या तेलाचा दाब तीन-चार बार असतो, असं मी वाचलंय. मग १ बारला उघडणारी झडप कायम उघडीच राहत असणार! तसं असेल तर हा फिल्टर गाळतो तरी काय? आणि या दोघांपैकी घ्यावा कोणता?
— एक वाचक, सातारा

उत्तर : झडप कायम उघडी राहत नाही. खोक्यावर छापलेला १ बार हा तेलाचा दाब नाही. फिल्टरच्या कागदाच्या अलीकडे असलेला दाब आणि पलीकडे उरलेला दाब यांच्यातला तो फरक आहे. एवढी एक गोष्ट पक्की झाली की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात. म्हणून आधी ती नीट पाहू.

तेलाची वाट

इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं. तिथलं तेल जाळीतून वर खेचून ऑइल पंप ते फिल्टरकडे ढकलतो. फिल्टर हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघा. मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि त्याच्याभोवती छोट्या भोकांचं कडं दिसेल. तेल या छोट्या भोकांतून आत शिरतं आणि डब्याच्या पत्र्याला लागून, घड्या घातलेल्या कागदाच्या बाहेरच्या अंगाला पसरतं. तिथून ते कागदातून झिरपत आत येतं, मधल्या छिद्रांच्या नळीत जमतं आणि आट्यांच्या भोकातून बाहेर पडून इंजिनाच्या मुख्य वाहिनीत जातं. तिला गॅलरी म्हणतात. गॅलरीतून क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला तेल मिळतं आणि काम झालं की ते ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येतं.

गाडी गरम झालेली आहे, तुम्ही महामार्गावर आहात आणि फिल्टर नवा आहे, असं समजा. कागदाच्या बाहेर ४ बार दाब आहे. कागद ओलांडताना त्यातला थोडाच खर्ची पडतो. हिशेबापुरता तो ०.२ बार धरू. म्हणजे कागदाच्या आत ३.८ बार उरतात. कागद टाळून तेलाला थेट जाऊ देणाऱ्या बायपास झडपेच्या एका अंगाला हे ४ बार असतात आणि दुसऱ्या अंगाला ३.८. रस्सीखेचीत दोन्हीकडे दहा-दहा धडधाकट गडी असले तरी दोर जागचा हलत नाही. तो सरकतो एखादी बाजू भारी पडली की. झडपेचंही तसंच आहे. एकूण जोर कितीही असो, तिला कळतो तो दोन बाजूंमधला फरक. इथे तो ०.२ बार आहे आणि स्प्रिंग १ बारची आहे, म्हणून झडप घट्ट मिटलेली राहते आणि सगळं तेल कागदातूनच जातं.

एककांचा घोळ होऊ नये म्हणून एक छोटं गणित ध्यानात ठेवा. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. आपण टायरमध्ये ‘हवा ३२’ ठेवतो ती पीएसआयमध्ये असते, म्हणजे सव्वादोन बारच्या आत-बाहेर. काही कंपन्या झडपेचा आकडा बारमध्ये छापतात, तर अमेरिकी कंपन्या पीएसआयमध्ये. तो आकडाही बहुधा एकच नसतो, ‘८ ते ११ पीएसआय’ असा पट्टा दिलेला असतो. स्प्रिंग कारखान्यात हजारोंनी तयार होतात, त्यामुळे एवढा उणा-अधिक फरक धरावाच लागतो. शिवाय आकडा सांगतो तो झडप उघडायला सुरुवात होते तो क्षण. झडप दिव्याच्या बटणासारखी एकदम पूर्ण उघडत नाही. आधी किंचित उचलली जाते, फरक वाढला की आणखी उचलली जाते. उघडल्यावरही सगळं तेल बायपासने जात नाही. काही भाग कागदातून झिरपतच असतो.

कापलेल्या फिल्टरच्या आत

वापरलेला फिल्टर कापून पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. त्यासाठी खास कटर मिळतो. तो डब्याची तोंडाकडची कड गोल फिरत कापतो. हॅकसॉ वापरू नका. त्याचा लोखंडी कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कीस कुठला, करवतीचा कुठला हे कळत नाही.

झाकण सुटलं की पहिल्यांदा रबराची किंवा सिलिकॉनची एक चकती हाताला लागते. ती छोट्या भोकांवर आतून टेकलेली असते. ही बायपास झडप नव्हे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल उलटं वाहून चेंबरमध्ये जाऊ नये म्हणून ती असते. तिच्यामागे काळपट झालेला, एकसारख्या घड्यांचा कागद. घड्या सरळ, समान अंतरावर असतील तर फिल्टर सुखाने जगला असं समजा. काही घड्या एकमेकींना चिकटून दबलेल्या, मधल्या नळीच्या भोकांत रुतलेल्या दिसल्या, तर त्या कागदावर दाबाचा मोठा फरक पडून गेला आहे. घड्या बोटांनी फाकवून उजेडात धरा. चकचकीत धातूचे कण दिसले तर मेकॅनिकला दाखवायला उशीर करू नका.

कागदाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डब्याच्या घुमटाकडे, बहुतेक फिल्टरांत ती बायपास झडप असते. एक छोटी चकती आणि तिला भोकावर दाबून धरणारी स्प्रिंग, एवढाच संसार. चकतीचा व्यास १६ मिलिमीटर आहे असं धरू. तिचं क्षेत्रफळ झालं सुमारे २ चौरस सेंटिमीटर. १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा भार. म्हणजे ही झडप १ बारला उघडायची, तर स्प्रिंगने चकतीला सुमारे २ किलोच्या जोराने धरून ठेवायला हवं, १.७ बारसाठी साडेतीन किलोच्या जवळपास. खोक्यावरचा आकडा म्हणजे या स्प्रिंगचा जोर. तो डब्याच्या पत्र्याची जाडी सांगत नाही, कागदाची प्रत सांगत नाही, फिल्टर किती बारीक गाळतो हेही सांगत नाही. दुकानदाराचं ‘मजबूत’ इथेच गळून पडतं.

झडप ठेवलीच कशासाठी?

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचा फिल्टरच नव्हता. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी ‘प्युरोलेटर’ नावाचा फिल्टर आणला आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तेलाचा फिल्टर कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. त्या काळच्या बहुतेक रचनांत तेलाचा थोडासाच भाग फिल्टरमधून जाई आणि बाकीचं तेल थेट बेअरिंगांकडे. फिल्टर तुंबला तरी बेअरिंगचं तेल तुटत नसे. पण कोणत्याही क्षणी बहुतेक तेल न गाळता फिरत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सगळं तेल फिल्टरमधूनच न्यायची रचना रुळली. इंजिनाला स्वच्छ तेल मिळू लागलं, पण एक नवा धोकाही आला. आता तेलाच्या एकुलत्या एका वाटेवर कागद उभा होता. तो अडला तर इंजिन उपाशी. या धोक्यावरचा उतारा म्हणजे बायपास झडप.

इथे पंपाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ऑइल पंप दर फेऱ्याला तेलाचं ठरावीक माप पुढे ढकलतो. वाट अरुंद झाली म्हणून तो माप कमी करत नाही. तेवढंच तेल जाण्यासाठी जास्त दाब तयार करतो. म्हणून फिल्टर थोडा तुंबला की लगेच इंजिनाला तेल कमी पडतं, ही समजूत बरोबर नाही. पंप तो जास्तीचा भार उचलतो. मात्र याला एक मर्यादा आहे. पंपाजवळ आणखी एक झडप असते, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. तेलाचा एकूण दाब ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की ती उघडते आणि जादा तेल चेंबरकडे परत सोडते. नाही तर डब्याचा सील फाटेल. अनेक इंजिनांत ही हद्द चार ते सहा बारच्या दरम्यान असते. या दोन झडपा लोक नेहमी एकच समजतात. रिलीफ झडप एकूण दाब सांभाळते, बायपास झडप कागदाच्या दोन बाजूंमधला फरक सांभाळते.

आता दोन्ही एकत्र पाहा. रिलीफ झडप ५ बारला उघडते असं धरू. थंड इंजिन, घट्ट तेल, चालकाने अॅक्सिलरेटर दाबलाय. पंपाच्या तोंडाशी दाब ५ बारला टेकला आणि रिलीफ झडप उघडली. म्हणजे आता पंप आणखी जोर लावू शकत नाही. जे ५ बार आहेत त्यातच फिल्टरने आणि इंजिनाने वाटून घ्यायचं. बायपास नसेल आणि कागदानेच ३ बार खाल्ले, तर गॅलरीला उरतात २. घट्ट तेलाला दूरच्या कॅमशाफ्टपर्यंत नेण्यासाठी दाब हवा असतो नेमक्या त्याच वेळी. बायपास झडप १ बारची असेल, तर कागदाचा वाटा १ बारच्या आसपास थांबतो आणि गॅलरीला जवळजवळ ४ बार मिळतात. झडप १.७ बारची असेल तर साधारण ३.३. तुमच्या समोरच्या दोन खोक्यांमधला खरा फरक हा एवढा आहे: सगळ्यात वाईट मिनिटांत गॅलरीला ०.७ बार कमी की जास्त.

झडप उघडली की न गाळलेलं तेल बेअरिंगमध्ये जातं, हे खरं. पण ते तेल किती घाण असतं याचाही हिशेब करा. छोट्या इंजिनात साडेतीन लिटर तेल आहे आणि पंप मिनिटाला २० लिटर फिरवतोय, तर सगळं तेल मिनिटाला पाच-सहा वेळा फिल्टरमधून जातं. सकाळी मिनिटभर झडप उघडली तर त्या वेळी फिरणारं तेल काल संध्याकाळपर्यंत शेकडो वेळा गाळलेलंच असतं. याउलट क्रँकचा दांडा आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. तीन हजार आरपीएमला दांड्याचा पृष्ठभाग सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने फिरत असतो. मधली तेलाची फिल्म तुटली तर बेअरिंग काही क्षणांत खरवडतं, तापतं आणि इंजिन सीझ होऊ शकतं. मिनिटभर थोडं मळकट तेल इंजिन सोसतं. तेल नसणं ते सोसत नाही. या निवाड्यावरच झडप उभी आहे.

ती उघडते कधी?

१८५६ मध्ये फ्रान्समधल्या डिजॉं शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिताना हेन्री डार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम मांडला. फिल्टरच्या कागदालाही तोच लागू पडतो. कागद ओलांडताना खर्ची पडणारा दाब तीन गोष्टींवर ठरतो: तेल किती घट्ट, किती वेगाने जातंय आणि कागद किती तुंबलाय. यातली एक गोष्ट दुप्पट झाली की दाबाचा फरकही दुप्पट.

तेलाचा घट्टपणा तापमानाबरोबर किती बदलतो हे आकड्यांत पाहिलं की नवल वाटतं. नेहमीचं ५डब्ल्यू-३० तेल १०० अंश सेल्सिअसला जितकं घट्ट असतं, त्याच्या सुमारे सहापट ४० अंशांना, पंधरापट २० अंशांना आणि पन्नासपट शून्य अंशाला. आता आपला ०.२ बारचा आकडा घ्या. तो गरम तेलाचा, महामार्गावरच्या पूर्ण प्रवाहाचा आणि नव्या कागदाचा होता.

साताऱ्यातली २० अंशांची सकाळ. इंजिन सुरू केलं आणि आयडलवर ठेवलं. तेल पंधरापट घट्ट, पण पंप हळू फिरतोय म्हणून प्रवाह पाचव्या हिश्शाचा. फरक झाला ०.२ गुणिले १५ भागिले ५, म्हणजे ०.६ बार. १ बारची झडपही मिटलेलीच.

तीच सकाळ, तेच इंजिन, पण सुरू करताच जोरात रेस केलं. प्रवाह पूर्ण झाला. हिशेबाने फरक ३ बारपर्यंत चढू पाहतो आणि झडप उघडते. १ बारची असो वा १.७ बारची, दोन्ही उघडतात.

आता फिल्टर बदलायला उशीर झालाय आणि कागदाचा अडथळा तिप्पट झालाय असं धरा. आयडलवरचा ०.६ बार झाला १.८. म्हणजे १ बारची झडप रोज सकाळी, रेस न करताही उघडणार आणि तेल कोमट होईपर्यंत उघडी राहणार, १.७ बारची काठावर. पण गाडी गरम झाली की महामार्गावर फरक ०.६ बारच, म्हणजे झडप पुन्हा मिटली.

हे हिशेब सोयीचे गोल आकडे घेऊन केले आहेत. प्रत्येक इंजिनाचे आकडे त्याचे त्याचे. पण चित्र खरं आहे. महाराष्ट्रातल्या हवेत, वेळेवर बदललेला फिल्टर आणि सांगितलेल्या ग्रेडचं तेल असेल, तर प्रवासाचा बहुतेक सगळा वेळ झडप बंद असते. ती उघडायला लावणारी कारणं मुख्यतः दोन: थंड इंजिनाला दिलेली रेस आणि तुंबलेला फिल्टर. दोन्ही आपल्याच हातातली.

मग १ की १.७?

मोठा आकडा म्हणजे जास्त वेळ गाळलेलं तेल, मग तोच बरा, असा मोह पडतो. तो अर्धाच खरा आहे. झडप उशिरा उघडते याचा अर्थ कागदाला तेवढा जास्त ताण सोसावा लागतो आणि कठीण मिनिटांत गॅलरीच्या वाट्याचा दाब तेवढा कमी होतो. लहान आकड्याची झडप गॅलरीला जपते, पण जास्त वेळा उघडते. यातला तोल इंजिन बनवणारा ठरवतो. पंप किती तेल फेकतो, फिल्टरचा डबा केवढा, कागदाचं क्षेत्रफळ किती, रिलीफ झडप कितीची, तेल कोणत्या ग्रेडचं, हे सगळं एकत्र मांडूनच स्प्रिंगचा जोर ठरतो.

म्हणूनच आकडे इतके वेगवेगळे दिसतात. जपानी धाटणीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांसाठीच्या फिल्टरांवर १ बारच्या आसपासचा आकडा सर्रास आढळतो. त्याच जपानच्या सुबारूने आपल्या अनेक इंजिनांसाठी २३ पीएसआय, म्हणजे सुमारे १.६ बारची झडप ठेवली आहे. काही जर्मन इंजिनांच्या फिल्टरांवर अडीच बारपर्यंतचा आकडा असतो. यातला एक चांगला आणि दुसरा वाईट असं नाही; प्रत्येक आपापल्या पंपाशी जुळवलेला आहे.

झडपेची जागाही सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेतल्या शेव्हर्लेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनांत ती फिल्टरमध्ये नसतेच. फिल्टर जिथे बसतो तिथे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असते. फोर्डच्या मोटरक्राफ्ट ब्रँडच्या अनेक फिल्टरांत ती घुमटाकडे न ठेवता तोंडाजवळ ठेवलेली आहे, म्हणजे झडप उघडली तरी बायपास होणारं तेल कागदाच्या बाहेरून साचलेली घाण धुवून नेत नाही. अनेक नव्या गाड्यांत नुसती कागदी कार्ट्रिज बदलायची असते. तिथे झडप बहुधा प्लास्टिकच्या किंवा धातूच्या कायमच्या घरातच राहते. अशा गाडीत कार्ट्रिजच्या खोक्यावर झडपेचा आकडा शोधण्यात अर्थ नाही, पण घराचं झाकण उघडल्यावर ती झडप अडकलेली किंवा तुटलेली नाही ना, हे पाहायला मेकॅनिकला जरूर सांगा.

आता तुमच्या दोन खोक्यांकडे येऊ. ‘बसतोय ना’ हा निकष पुरेसा नाही. तेच आटे आणि तोच सील असलेले फिल्टर वेगवेगळ्या इंजिनांसाठी वेगवेगळ्या स्प्रिंग घालून बनतात. म्हणून आट्यांवरून नको, गाडीवरून शोधा. गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष सांगून फिल्टर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीसाठी कोणता नंबर दिलाय ते पाहा. एखाद्या कंपनीने त्या गाडीसाठी दिलेला नंबर हा त्या कंपनीचा शब्द असतो. तिथे १ बारचा नंबर असेल तर १ बारचाच घ्या. जुन्या फिल्टरवर आकडा छापलेला असेल तर तोही ताडून बघा. ०.९ आणि १.१ असा फरक असेल तर काळजी करू नका, तो स्प्रिंगच्या पट्ट्यात मोडतो. १ ऐवजी १.७ हा फरक मात्र जाणूनबुजून घेण्यासारखा नाही. समजा चुकून तो बसलाच आहे, तर इंजिन लगेच बिघडेल असं नाही. गाडी बंद ठेवू नका, पण पुढच्या सर्व्हिसिंगला योग्य नंबर लावा आणि तोवर थंड इंजिन रेस करू नका.

एक गोष्ट आकड्याहून मोठी आहे. बाजारात नावाजलेल्या ब्रँडची नक्कल सर्रास मिळते. नकली फिल्टरवर १ बार छापलेला असला तरी आतली स्प्रिंग तेवढ्या जोराची असेल, याची हमी कुणी देत नाही. झडपेची परीक्षा कशी घ्यायची यासाठी आयएसओ ४५४८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग आहे. चांगल्या कंपन्या त्या धर्तीवर चाचण्या घेतात. म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच फिल्टर घ्या. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

जोडप्रश्न : झडप उघडली की डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा लागतो का?

उत्तर : नाही. तो दिवा गॅलरीतल्या दाबावर चालतो आणि दाब फारच खाली, अर्ध्या बारच्याही आत गेला तरच पेटतो. झडप उघडल्याने गॅलरीचा दाब टिकतो, त्यामुळे दिवा विझलेलाच राहतो. म्हणजे फिल्टर पुरता तुंबून सगळा वेळ न गाळलेलं तेल फिरत असलं, तरी साधी प्रवासी गाडी तुम्हाला काहीही सांगणार नाही. इशारा देणारं कुणी नाही, म्हणूनच ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या महिन्यांना, जे आधी येईल तेव्हा, तेलाबरोबर फिल्टरही बदलायचा. आणि उलट बाजूने, चालत्या गाडीत लाल दिवा पेटलाच तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा घरी पोहोचेपर्यंत थांबण्यासाठी नसतो.

जोडप्रश्न : मुलगी कॅनडात कॅलगरीला असते. तिथे हिवाळ्यात पारा उणे २५ च्या खाली जातो. तिच्या गाडीची झडप तर रोजच उघडत असेल. तिने जास्त आकड्याचा फिल्टर लावावा का?

उत्तर : लावू नये. उणे तापमानात तेल गरम तेलाच्या शेकडो पटींनी घट्ट होतं. तिथे सकाळी झडप उघडणारच, आणि ती उघडावी यासाठीच ठेवलेली आहे. तेव्हा झडप अडवून धरली तर नुकसान बेअरिंगांचं. बदलायचं असेल तर तेल बदलावं. ०डब्ल्यू ग्रेडचं तेल पंपाने ओढता येतं की नाही याची चाचणी उणे ४० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३५ ला आणि आपल्याकडे जुन्या गाड्यांत घालतात त्या २०डब्ल्यूची उणे २० ला. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल तर तिने तेच वापरावं. तिथल्या गाड्यांना ब्लॉक हीटर बसवतात. रात्रभर गाडी बाहेर राहणार असेल तर निघण्याच्या काही तास आधी तो प्लगला लावावा. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून गाडी हळू काढावी आणि इंजिन गरम होईपर्यंत जोरात ताणू नये. हे केलं की झडप कमी वेळ उघडी राहते, आणि जितका वेळ राहते तितका वेळ तिचं काम चोख चाललेलं असतं.